हात जिथे जातो, तिथे कळ हवी

घरी विमान बांधायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी पंख येतात. पण ज्याने विमानाचं किट आणलं आहे, त्याच्यापुरता पंखांचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. पंखाचा आकार, आतल्या बरगड्यांमधलं अंतर, पत्र्याची जाडी, रिव्हेट किती अंतरावर मारायचे, शेपटीचं माप, हे सगळं मूळ रचनाकाराने गणित करून आणि प्रत्यक्ष उडवून पाहून ठरवलेलं असतं. हल्लीच्या चांगल्या किटांमध्ये पत्र्याला भोकंसुद्धा यंत्राने नेमकी पाडून येतात. भोकावर भोक बसलं की पंख सरळच होतो. बांधणाऱ्याच्या मर्जीवर उरतं ते मुख्यतः कॉकपिट. थ्रॉटल कोणत्या हाताला, पेट्रोलचा कॉक कुठे, ब्रेक पायाने की हाताने, स्विच किती आणि कोणत्या क्रमाने. गादीच्या कापडाइतकीच ही किरकोळ निवड वाटते, म्हणून ती शेवटाला ढकलली जाते. माझं म्हणणं असं की किट उघडल्यावर सगळ्यात आधी विचार करायची हीच गोष्ट आहे. रचनाकाराने जिथे मोकळीक दिली, तिथे बांधणारा स्वतःच रचनाकार होतो, आणि तिथल्या चुकीची किंमत जमिनीवर नाही, हवेत मोजावी लागते.

अंबरनाथजवळच्या जांभूळमध्ये बसून विमानाच्या कॉकपिटचा विचार कशाला, असं कुणी विचारेल. जांभूळ बाहेरच्यांना माहीत आहे ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. पण इथून फार लांब नसलेल्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानतळ बांधला होता. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, युद्ध संपलं तरी त्या परत आल्या नाहीत, आणि ते जुनं दुखणं जून 2017 च्या आंदोलनात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. उल्हासनगर त्या काळात कल्याण कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणीच. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. या कारखान्यांच्या आणि एमआयडीसीच्या आधाराने आमच्या पट्ट्यात लेथ, मिलिंग, पत्राकाम, पाइप वाकवणं, वेल्डिंग यांत मुरलेले हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. कॉकपिटमधल्या दांड्या, तरफा, कंस, बुशिंग यांत या हातांना न जमण्यासारखं काही नाही. फक्त धातू दुकानात मिळेल तो चालत नाही; दर्जाचा दाखला असलेलं विमानाचंच अॅल्युमिनियम आणि विमानाचेच बोल्ट लागतात. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. त्यांनी किट आणलंच नाही. पूर्ण विमान स्वतः आखलं, आणि ते कांदिवलीत चारकोपला, राहत्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर उभं केलं. जेट एअरवेजमध्ये वैमानिकाची नोकरी करता करता हे काम चाललं होतं. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगची यंत्रं आणि परदेशातून आणलेलं 180 किलोचं इंजिन अरुंद जिन्याने वर चढवलं गेलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. हे सहा आसनी विमान तिसरं, म्हणून नाव टीएसी-003. फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते सुटं करून गच्चीवरून उतरवलं आणि तिथे पुन्हा जोडून लोकांपुढे ठेवलं. नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये मिळाली, व्हीटी-एनएमडी या अक्षरांची. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर 2019 मध्ये, आणि चाचणी उड्डाणं 2020 साली धुळ्याच्या विमानतळावर.

या कथेतल्या गच्चीचं आणि जिन्याचं आपण कौतुक करतो, ते करायलाच हवं. पण मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. विमान बांधणारा माणूस रोज विमानच चालवत होता. कोणती मूठ कुठे असली की हात आपोआप जातो, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. किट आणणाऱ्या बहुतेकांकडे ती शिदोरी नसते. कुणी इंजिनिअर असतो, कुणी सुतार, कुणी दोन वर्षांपूर्वी परवाना काढलेला डॉक्टर. त्यांना कॉकपिट कागदावर शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं, कारण या विषयावर शंभर वर्षांचे अपघात आणि त्यांतून निघालेले नियम उपलब्ध आहेत.

घरी विमान बांधण्याची चळवळ खऱ्या अर्थाने अमेरिकेत वाढली. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीजवळ काही हौशी मंडळींना घेऊन एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. तिचा दरवर्षीचा मेळा 1970 पासून ऑशकॉशला भरतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं तर ते घरगुती विमान म्हणून नोंदता येतं. किटचा कारखाना त्यामुळे काम अर्धवटच ठेवून पाठवतो. ओरेगॉनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटांतून आजवर 11,000 हून अधिक विमानं उडाली आहेत. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीनेही ऐंशीच्या दशकात बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या घरगुती विमानावरून एक छोटं विमान बांधलं, ते संमिश्र पदार्थांचं काम शिकून घेण्यासाठी. घरगुती विमान ही हौशी लोकांची मौज आहे, असा समज असेल तर एवढं एक उदाहरण पुरे.

आता कॉकपिटकडे येऊ. विमानाला तीन प्रकारे वळवता येतं. नाक वर-खाली करायला शेपटीतला एलेव्हेटर, एका पंखावर कलायला पंखांच्या टोकांकडची एलेरॉन, आणि नाक डावी-उजवीकडे न्यायला उभ्या शेपटीतलं रडर. वैमानिकाच्या हातातला दांडा पुढे-मागे केला की एलेव्हेटर हलतो, बाजूला केला की एलेरॉन. रडर पायातल्या पेडलवर. दांड्यापासून त्या पृष्ठभागापर्यंत ताकद नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अॅल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या कडक नळ्या, ज्यांना पुशरॉड म्हणतात. दुसरा, कप्प्यांवरून फिरणारी पोलादी दोरी. पुशरॉड ढिला पडत नाही, थंडी-उन्हाने ताण बदलत नाही, पण त्याला सरळ वाट लागते. दोरी कुठूनही वळवता येते आणि हलकी असते. मात्र तिचा ताण टर्नबकलने साधावा लागतो, आणि टर्नबकल उलटा फिरून सुटू नये म्हणून त्याला बारीक तारेने बांधून टाकावं लागतं. जिथे सांधा सतत हलतो, तिथे साधा लॉकनट पुरत नाही; खाचांचा नट लावून त्यात कॉटर पिन घालतात, म्हणजे नट ढिला झाला तरी गळून पडत नाही. असा एकेक सांधा पंखाच्या टोकापर्यंत जाऊन हाताने पाहावा लागतो.

हे सगळं जोडलं की दांडा हातात कसा लागतो, हा प्रश्न येतो. जुन्या रचनाकारांचा एक ठोकताळा आहे: एलेरॉनला लागणारी ताकद एक धरली तर एलेव्हेटरला दोन आणि रडरला चार. मनगट हलकं, दंड त्याहून भारी, पाय सगळ्यांत जोरकस, म्हणून हे प्रमाण. तसं जमलेलं विमान हातात घेतलं की माणूस दमत नाही. एलेव्हेटर फार हलका झाला तर वैमानिक नकळत जास्त खेचतो आणि पंखांवर नको तितका भार येतो. किटमध्ये हे प्रमाण रचनाकाराने बसवलेलं असतं, पण बांधणाऱ्याने दांडा आखूड केला, वर जाड मूठ बसवली, कप्पी घट्ट केली, की ते बिघडतं.

दांडा आखूड करणं ही तर जवळजवळ प्रत्येक किटमध्ये येणारी पायरी आहे. आसनावर गादी पडते, माणूस बसतो, आणि मग कळतं की दांडा पूर्ण मागे घेतला की तो पोटाला लागतो, पूर्ण उजवीकडे नेला की मांडीला अडतो. हवेत याचा अर्थ असा की उतरताना नाक जितकं उचलायला हवं तितकं उचलता येणार नाही. म्हणून नळी कापण्याआधी जो सगळ्यात जाड माणूस या आसनावर बसण्याची शक्यता आहे त्याला बसवायचं, हिवाळी जाकीट घालायला सांगायचं, पट्टे आवळायचे, आणि दांडा चारी कोपऱ्यांत फिरवून पाहायचा. कॉकपिट आखताना या एका बैठकीतून जे कळतं ते संगणकावरच्या चित्रातून कळत नाही.

कळ चुकीच्या जागी बसवली तर काय होतं, हे मी 12 ऑक्टोबर 1997 च्या एका अपघाताने सांगतो. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांनी वापरलेलं लाँग-ईझी विकत घेतलं होतं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठाला ते एकटेच उडत असताना विमान समुद्रात कोसळलं आणि ते गेले. रुटान यांच्या मूळ आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या समोर, पायांच्या मध्ये होता. हे विमान ज्याने बांधलं त्याने विचार केला की पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोतच. हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही, पेट्रोल माणसापासून लांब ठेवणं चांगलंच. त्याने कॉक मागच्या भिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. मुठीवर कसलीही खूण नव्हती, आणि मूठ जिकडे वळेल ती टाकी असा मेळही नव्हता. किती पेट्रोल उरलं ते दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे होत्या. मूठ फिरायला जड होती, इतकी की पकड लावून ती फिरवायची सूचना पुढे आली होती. निघण्यापूर्वी पेट्रोल भरून घ्यायची गरज डेन्व्हर यांना वाटली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत तशाच विमानात माणसं बसवून पाहिली. कॉकपर्यंत पोचायचं तर उजवा हात दांड्यावरून काढावा लागे आणि अंग डावीकडे पूर्ण वळवावं लागे. आणि अंग वळवताना आधार म्हणून उजवा पाय आपोआप उजव्या पेडलवर दाबला जाई. एका टाकीतलं पेट्रोल संपतंय, माणूस मागे वळतो, दांडा सुटतो, उजवं रडर दाबलं जातं, आणि विमान फिरत खाली येतं. मंडळाने वैमानिकाचं लक्ष विचलित होणं आणि नकळत रडर दाबलं जाणं हे कारण धरलं, आणि बिनखुणेची मूठ अशा अवघड जागी बसवण्याच्या बांधणाऱ्याच्या निर्णयाचाही त्यात समावेश केला. चांगल्या हेतूने हलवलेला एक कॉक. मला हा अपघात घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा इतका महत्त्वाचा वाटतो, कारण यात पंख तुटला नाही, इंजिनचा दोष नव्हता. फक्त हात आणि कळ यांचं अंतर चुकलं होतं.

अशा चुका शिकलेल्या, सराव असलेल्या वैमानिकांच्याही हातून होतात, हे त्याआधी पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक चाकं वर ओढून टाकायचे. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. चाकांचा स्विच आणि फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेने खाली येणाऱ्या झडपांचा, स्विच शेजारी शेजारी, अगदी एकसारखे. दमलेला माणूस फ्लॅप मिटायला जायचा आणि हात चाकांच्या स्विचवर पडायचा. त्याने चाकांच्या कळीवर रबरी चाक आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा बसवला, म्हणजे न बघता बोटांना कळावं. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 1947 मध्ये वैमानिकांनी सांगितलेल्या 460 चुका तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या चुका एकीऐवजी दुसरी कळ हलवल्याच्या निघाल्या. आजही विमानात चाकांची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची पंखासारखी असते, ती तिथपासून.

त्या अभ्यासांतून पुढे लहान विमानांसाठी नियम बनले. मधल्या तक्त्यावर डावीकडून उजवीकडे आधी थ्रॉटल, मग पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारी मूठ, मग पेट्रोल-हवेचं मिश्रण बदलणारी. थ्रॉटल काळा, पंख्याची मूठ निळी, मिश्रणाची लाल. तिन्ही पुढे ढकलल्या की ताकद वाढते. चाकांची मूठ थ्रॉटलच्या डावीकडे, फ्लॅपची उजवीकडे, आणि खाली केली की दोन्ही खाली येतात. काही नावाजलेल्या कारखान्यांची जुनी विमानं या क्रमाच्या उलट होती. जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकं उचलण्याचे इतके प्रकार घडले की अमेरिकेच्या त्याच वाहतूक सुरक्षा मंडळाने 1980 मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. घरगुती विमानाला हे नियम लागू नसतात. म्हणूनच ते पाळावेत, असं मी म्हणतो. बांधणारा स्वतः आपल्या कॉकपिटला सरावतो. पण उद्या ते विमान दुसरा कुणी विकत घेईल, किंवा घाबरलेल्या क्षणी त्याच बांधणाऱ्याचा हात ज्या विमानावर तो शिकला त्या विमानाच्या सवयीने जाईल.

आपल्याकडच्या रिक्षावाल्याला याचं मर्म समजावून सांगावं लागत नाही. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत अॅक्सिलरेटर, पायाखाली ब्रेक. नजर सगळा वेळ रस्त्यावर. त्याची रिक्षा बदलली तरी हात शोधत नाहीत, कारण सगळ्यांनी एकच मांडणी ठेवली आहे. विमानात मोकळीक जितकी जास्त, तितकं हे ठरवून करावं लागतं.

मग नेमकं काय ठरवायचं? पहिला प्रश्न: दांडा कोणत्या हातात. एकामागे एक बसायच्या विमानात दांडा मध्ये, उजव्या हातात, आणि थ्रॉटल डाव्या भिंतीवर, हे सरळ आहे. शेजारी शेजारी आसनं असली की गुंतागुंत होते. वैमानिक डावीकडे बसतो, थ्रॉटल मधल्या कन्सोलवर, म्हणजे उजव्या हातात; दांडा डाव्या हातात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला आधी हे अवघड वाटतं, आणि काही जण डाव्या भिंतीवर दुसरा थ्रॉटल बसवून घेतात. त्यात आणखी एक केबल, आणखी एक अडकण्याची जागा वाढते. मी एकच थ्रॉटल ठेवून सराव करणं पसंत करेन. हात काही तासांत शिकतो. झेनिथ कंपनीच्या किटमध्ये दोन आसनांच्या मधोमध एकच दांडा येतो आणि वर इंग्रजी वाय अक्षरासारखे त्याचे दोन फाटे होतात. त्यामुळे दोन्ही आसनांच्या समोरची जागा मोकळी राहते, चढणं-उतरणं सोपं होतं, आणि मांडीला काही लागत नाही.

थ्रॉटलची केबल तुटली तर इंजिनचं काय होईल, हे आधी विचारायचा प्रश्न आहे. छोट्या किट विमानांत रोटॅक्स 912 इंजिन फार वापरतात. त्याच्या कार्बुरेटरवरच्या स्प्रिंगा थ्रॉटल उघडा ओढतात, म्हणजे केबल तुटली तर इंजिन पूर्ण ताकदीवर जातं. जमिनीवर टॅक्सी करताना हे धोक्याचं, पण हवेत असताना इंजिन बंद पडण्यापेक्षा शंभर पटीने बरं. विमानतळाच्या वर येऊन इग्निशन बंद करून उतरता येतं. हे ठाऊक असलं की इग्निशनचे स्विच पट्टे आवळलेल्या अवस्थेत हाताशी हवेत, हे आपोआप ठरतं. इंजिनला इग्निशनच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, म्हणून दोन स्विच, आणि दोन्ही एकाच जागी.

पेट्रोलच्या कॉकबद्दल वेगळं सांगायची गरज उरली नाही. तो समोर हवा, दिसायला हवा, मूठ डावीकडे वळली की डावी टाकी आणि उजवीकडे वळली की उजवी. आणि ‘बंद’ या जागी जायला मुद्दाम वेगळी हालचाल लागावी, म्हणजे टाकी बदलताना चुकून बंद होऊ नये. टाकी एकच असेल तर फार उत्तम, कमी प्रश्न.

मोजमापं दाखवणाऱ्या घड्याळांना मी इथे फार जागा देत नाही, कारण तिथे जग एकमत आहे: डावीकडे वेग, मध्ये कृत्रिम क्षितिज, उजवीकडे उंची, खाली दिशा. आता सगळं एका पडद्यावर येतं आणि तो पडदाही हाच क्रम पाळतो. बांधणारे मात्र आपला सगळा वेळ याच पडद्यांच्या निवडीत घालवतात, कारण ते चकचकीत असतात आणि जाहिरातीत दिसतात. कॉकची मूठ जाहिरातीत दिसत नाही.

आखणी करायची कशी, तर पुठ्ठ्याने. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, थोडं प्लायवूड, आसनाच्या उंचीचा पाट. पाठीचा कोन किटच्या आराखड्यातून घ्यायचा, पेडलच्या जागी लाकडी ठोकळे ठेवायचे, दांड्याच्या जागी झाडूचा दांडा उभा करायचा. समोर पुठ्ठ्याचा पॅनेल, त्यावर प्रत्येक स्विचच्या जागी बाटलीचं झाकण चिकटवायचं, पण एकाच आकाराची झाकणं नकोत. मग खांद्यावरून पट्टा घट्ट बांधून घ्यायचा. हे विसरलं जातं. पट्टा सैल असताना हात जिथे पोचतो तिथे आवळल्यावर पोचत नाही. डोळे बांधायचे, आणि दुसऱ्याने नाव घेत जायचं: थ्रॉटल, कॉक, फ्लॅप, मास्टर स्विच, ट्रिम, छताची कडी. हात पहिल्या झटक्यात जिथे गेला ती त्या कळीची खरी जागा. चाचपडला तर झाकण सोलून दुसरीकडे चिकटवायचं. आठवडाभर रोज थोडा वेळ असं केलं की कॉकपिट पुठ्ठ्यावरच घडतं, पत्र्याला एकही भोक न पाडता. शेजारच्या आसनावर बसणाऱ्याचा गुडघा एखाद्या स्विचला लागतो का, पायाशी पडलेली पाण्याची बाटली पेडलखाली जाते का, हेही त्या बैठकीतच दिसतं.

दांड्यावर बोटाने चालणारा ट्रिमचा, म्हणजे दांडा सतत ओढून धरावा लागू नये म्हणून असलेल्या सोयीचा, बारीक स्विच बहुतेकांना हवा असतो. तो अडकला तर मोटर ट्रिमला एका टोकापर्यंत नेते आणि दांडा ओढणं जड होतं. म्हणून त्याचा वीजपुरवठा तोडणारा वेगळा स्विच लगेच सापडेल असा हवा, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही नको. ब्रेक पेडलवर पायाच्या पुढच्या भागाने दाबायचा की हाताच्या तरफेने, यात वजनाचा हिशेब आहे. हाताचा ब्रेक हलका आणि स्वस्त, पण एका चाकाला वेगळा ब्रेक लावून वळता येत नाही, मग पुढचं चाक पेडलला जोडावं लागतं.

आपल्याकडे कायद्याची चौकट कडक आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदणीशिवाय आणि परवान्याशिवाय घरी बांधलेलं विमान उडवता येत नाही, आणि यादव यांना त्यासाठी किती काळ थांबावं लागलं ते वर आलंच. उशीर जाचक वाटतो. पण ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला एका 24 वर्षांच्या तरुणाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेताना पातं तुटलं, त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. त्या मुलाकडे कौशल्य होतं, जिद्द होती. त्याच्या कामावरून दुसरी नजर फिरवायला, हे पातं आधी माणूस जवळ नसताना फिरवून बघ असं सांगायला, एखादी संस्था, एखादा क्लब जवळ असता, तर! आपल्याला तपासणीचे कागद मागणारं कार्यालय आहे. हौशी माणसाच्या पाठीशी उभी राहणारी, शनिवारी येऊन त्याचे सांधे पाहणारी माणसं नाहीत. अमेरिकेत ही माणसं एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या शाखांमधून मिळतात, आणि सत्तर वर्षांत तिथली चळवळ टिकली ती त्यांच्यामुळे. अंबरनाथ-बदलापूरच्या यंत्रशाळांत अशी नजर असलेले निवृत्त फोरमन कितीतरी आहेत.

पहिल्या उड्डाणाआधीची तपासणी तरी अशा परक्या नजरेनेच व्हावी, कारण स्वतः जोडलेली गोष्ट माणूस बघत नाही, आठवतो. एलेरॉनची दोरी उलटी जोडली गेली तर दांडा डावीकडे नेल्यावर विमान उजवीकडे कलतं, आणि जमिनीवर दोन्ही एलेरॉन हलताना दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये लिस्बनजवळच्या अल्वेर्काहून निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर जेटवर दुरुस्तीनंतर हेच झालं. वैमानिकांनी विमान मोठ्या कष्टाने सांभाळून बेजाच्या तळावर उतरवलं. यासाठी एक साधी खूण आहे: दांडा मुठीत धरून अंगठा वर ठेवा आणि दांडा बाजूला करा. अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर उठायला हवा. दुसऱ्या माणसाने पंखाच्या टोकाशी उभं राहून तो हाताने धरावा आणि ‘वर’, ‘खाली’ असं मोठ्याने सांगावं. मग एलेव्हेटर, मग रडर, मग ट्रिम. प्रत्येक सांध्यातली कॉटर पिन बोटाने, टर्नबकलची तार डोळ्याने. शेवटी कॉकच्या मुठीजवळ ‘डावी’, ‘उजवी’, ‘बंद’ ही अक्षरं कोरून, त्यांत रंग भरून घ्यावा, आणि मगच विमान धावपट्टीकडे न्यावं.